कणा आणि दमसास

जून महिना उजाडला आणि शाळा उघडल्या, की मुख्याध्यापकाच्या टेबलावर अर्जांचा ढीग साचू लागतो. फीमाफीचे अर्ज, तुकडी बदलण्याचे अर्ज, जन्मतारखेच्या दुरुस्तीचे अर्ज. आणि त्यांतच अधूनमधून एखादा अर्ज असतो : ‘माझ्या पाल्यास खेळाच्या तासातून सूट मिळावी.’ सोबत कुणा डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी आणि खाली पालकांची सही. असे अर्ज आम्ही आजवर फारशी चौकशी न करता मंजूर करीत आलो. शाईच्या एका फराट्यात दयाळूपणाचे समाधान मिळत असेल, तर ते कोणाला नको असते? परंतु त्यांतील एका अर्जावरची आमची सही चुकीची होती, हे आम्हांस फार उशिरा कळले. आजचा लेख त्या सहीविषयी आहे.

आठवीतल्या एका मुलीची आई तो अर्ज घेऊन आली होती. मुलीच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, असे तिने सांगितले. तेही दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या कानी जाणार नाही अशा बेताने. “सर, धावपळीने तो आणखी वाढेल अशी आजींना भीती वाटते. आणि चार लोकांत बोलबाला नको. मुलीची जात आहे.” आम्ही मान डोलावली आणि सही केली. पुढच्या वर्षी अर्ज घेऊन मुलगीच आली, आणि तिला समोरच्या खुर्चीवर बसण्यासही न सांगता आम्ही पुन्हा सही केली. खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला लिंबाखालच्या पायरीवर बसे आणि मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळी. सांभाळणारी मिळाल्यामुळे मैत्रिणी खूश होत्या. आम्हीही खूश होतो.

नववीची सहल पावागडला गेली. माचीपासून वर पायऱ्यांची चढण लागते. पहिल्याच टप्प्यावर मुलगी थांबली. चेहरा पांढराफटक पडला होता, खांदे वर उचलले जात होते आणि श्वास नुसता वरच्यावर चालला होता. शिक्षिकेने तिला तिथेच सावलीत बसवून ठेवले, आणि बाकीचा वर्ग देवीचे दर्शन घेऊन परत येईपर्यंत ती तिथेच बसली. आम्हांस वाटले, हा कण्याचाच प्रताप. बाकाने फुफ्फुसे दाबली गेली असणार.

मुलीचे वडील नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे आईच्या विनंतीवरून आम्हीही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, बाक मोजला. मग मुलीला एका नळीत जोराने फुंकायला लावून फुफ्फुसांची क्षमता तपासली. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, “फुफ्फुसे बहुतांशी ठीक आहेत. एवढ्या बाकाने हिला पायऱ्यांवर असा दम लागायला नको. हिला दोन वर्षे बसवून कोणी ठेवले?” आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे पाहिले.

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. दोन वर्षांपूर्वी हा बाक अठरा अंशांचा होता. दर सहा महिन्यांनी दाखवा, असे तेव्हाच्या कागदावर लिहिलेले होते. घरच्यांनी तो कागद कपाटात ठेवला आणि सुटीचा अर्ज शाळेत दिला. बाक आता चौतीस अंशांवर गेला होता. बसवून ठेवल्याने कणा काही थांबला नव्हता. थांबली होती ती मुलगी.

हा विकार म्हणजे काय, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. कणा समोरून पाहता सरळ रेषेत असावा, तो एका बाजूस कलतो, आणि कलताना मळसूत्राप्रमाणे स्वतःभोवती थोडा फिरतो. यालाच वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वाकडा’. अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी 1948 साली सांगितलेल्या रीतीने एक्स-रेवर रेषा आखून हा बाक अंशांत मोजतात. दहा अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्यास हे नाव देतात. किशोरवयीन शंभर मुलांत सुमारे दोघातिघांना एवढा बाक असतो. बहुतेकांचा तो सौम्य राहतो आणि त्यांस उपचारही लागत नाहीत. मात्र मोठे बाक मुलींत मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. सहाशे मुलांच्या शाळेत अशी बारा ते अठरा मुले असावीत. आम्हांस एकच ठाऊक होती, तीही अर्ज आला म्हणून.

या वयात दिसणाऱ्या बहुसंख्य बाकांचे निश्चित कारण वैद्यकास अजून सापडलेले नाही. काही घराण्यांत तो अधिक आढळतो, एवढे खरे. परंतु दप्तराच्या ओझ्याने, वाकून बसण्याने, एका कुशीवर झोपण्याने किंवा लहानपणी कडेवर घेण्याने तो होत नाही. तेव्हा ‘तू नीट बसत नाहीस म्हणून हे झाले’ असे मुलीस म्हणणे हा अज्ञानातून घडलेला अन्यायच होय. ज्या वर्ष-दोन वर्षांत मूल भराभर उंच होते, मुलींच्या बाबतीत ऋतुप्राप्तीच्या आगेमागे, त्याच काळात बाकही भराभर वाढण्याचा धोका असतो. लक्ष ठेवायचे ते नेमके तेव्हा. आणि आपण लक्ष काढून घेतो तेही नेमके तेव्हाच, कारण मूल आता स्वतःची आंघोळ स्वतः करू लागलेले असते.

आता श्वासाकडे येऊ. बरगड्या मागे कण्याला जोडलेल्या असतात. कणा फिरला की त्याही फिरतात. बाकाच्या बाहेरच्या अंगाच्या बरगड्या पाठीवर उंचवटा करतात, आतल्या अंगाच्या एकमेकींजवळ दाटतात. छातीचा पिंजरा दोन्ही बाजूंनी सारखा उघडेनासा होतो. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू यांना तेवढीच हवा आत घेण्यासाठी अधिक जोर करावा लागतो. मग शरीर सोपी वाट धरते : खोल श्वासाऐवजी उथळ आणि जलद श्वास. छातीच्या भागातील बाक मोठा असेल तर फुफ्फुसांची क्षमता खरोखरच घटते. ऐंशी-शंभर अंशांपलीकडे ही गोष्ट गंभीर होऊ शकते. अगदी बालवयात, फुफ्फुसांची घडण चालू असताना सुरू झालेले बाक तर फारच जपण्याचे. परंतु किशोरवयात सुरू झालेल्या सौम्य व मध्यम बाकांत विश्रांतीच्या वेळी श्वासाला सहसा काही त्रास नसतो.

तरीही अशी मुले जिन्यावर दमतात. याचे एक मोठे कारण म्हणजे न चालणारी, न पळणारी, न खेळणारी सवय. मराठीत ‘दमसास’ हा फार नेमका शब्द आहे. हृदय, फुफ्फुसे, श्वासाचे स्नायू आणि पायांचे स्नायू यांची मिळून ती एक जमा असते. वापरली तर वाढते, पडून राहिली तर आटते. ज्या मुलीच्या श्वासस्नायूंना आधीच इतरांहून अधिक काम आहे, तिला खरे तर ही जमा इतरांहून अधिक हवी. आम्ही तिचे खातेच बंद करून टाकले होते.

हे केवळ आमच्या मनाचे तर्क नव्हेत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीसमधील एका अभ्यासात, ब्रेस वापरणाऱ्या मुलींकडून दोन महिने आठवड्यातून चार वेळा सायकलचा व्यायाम करून घेण्यात आला. व्यायाम करणाऱ्यांची श्रम सोसण्याची शक्ती वाढली. न करणाऱ्यांची उलट कमी झाली. ब्राझीलमधील डॉक्टरांनी 2006 साली मोठे बाक असलेल्या किशोरवयीन मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. काही महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर फुफ्फुसांची क्षमता आणि सहा मिनिटांत चालून होणारे अंतर, दोन्ही वाढल्याचे त्यांना आढळले. हे अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत. त्यांतून चमत्काराची अपेक्षा कोणी करू नये. पण दोघांचे बोट एकाच दिशेला आहे, आणि ती दिशा लिंबाखालच्या पायरीची नाही.

येथे एक गैरसमज आधीच खोडून काढला पाहिजे. चालण्याने, सायकलने किंवा पोहण्याने कणा सरळ होत नाही. दमसासाचा व्यायाम दमसास वाढवतो. बाकाचा बंदोबस्त निराळा करावा लागतो. साधारणपणे पंचवीस अंशांच्या आतील बाकावर ठराविक काळाने तपासून लक्ष ठेवतात. पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीसच्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल, तर ब्रेस देतात. त्यापलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. ब्रेस म्हणजे धडाभोवती घट्ट बसणारा प्लास्टिकचा साचा. तो निरुपयोगी असतो असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी 2013 साली प्रसिद्ध झालेला अमेरिका व कॅनडातील अभ्यास लक्षात घ्यावा. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण 48 टक्के होते. आणि जे तो रोज तेरा तासांच्या आसपास किंवा अधिक वापरीत, त्यांस सर्वांत अधिक लाभ झाला. कण्याच्या विशिष्ट व्यायामांची शास्त्रशुद्ध पद्धतही आहे. स्वतः हा विकार असलेल्या काटारीना श्रोट या जर्मन बाईंनी 1920च्या दशकात ती बसवली, आणि तिचा एक मुख्य आधार श्वासच आहे : दबलेल्या बाजूस जाणीवपूर्वक हवा भरून ती बाजू आतून फुगवणे. ती मात्र शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावी. चित्रे पाहून करू नये.

श्वास आणि व्यायाम यांचा संबंध आपल्या बडोद्यास नवा नाही. राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तयार झालेले आणि जवळच्याच डभोईस 1883 साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. योगक्रियांनी शरीरात काय घडते हे श्रद्धेवर न सोडता यंत्रांनी मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह. त्यांचे आरंभीचे प्रयोग बडोद्याच्याच रुग्णालयात झाले, आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. मराठीतील दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ही दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादून याच नगरीतून प्रसिद्ध केला. ज्या गावाने मराठी माणसाला व्यायामाचा कोश दिला, त्या गावातील शाळेत आम्ही व्यायामातून सूट देण्याच्या अर्जांचा कोश भरवीत होतो!

प्राणायाम जरूर करावा. त्याने श्वास सावकाश आणि खोल घेण्याची सवय लागते. परंतु बसून केलेला प्राणायाम हा चालण्याची जागा घेऊ शकत नाही. मोठे स्नायू लयीत बराच वेळ हलले, हृदयाची गती वाढली, श्वास भरभर चालू लागला, की मगच दमसास वाढतो. भराभर चालणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या, यांपैकी जे मुलास आवडेल ते चालेल. आवडेल तेच टिकते.

आमच्या व्यायामशिक्षकांनी डॉक्टरांना विचारून मुलीसाठी जो क्रम आखला, तो साधाच होता. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे भराभर चालणे. मग दर आठवड्यास दोन-तीन मिनिटांची भर. कसोटी एवढीच की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग कमी पडतो. बोलताही येत नसेल तर जास्त होतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायचे आणि फेऱ्या वहीत लिहायच्या. पहिल्या शनिवारी ती मध्येच दोनदा भिंतीला टेकली. तिसऱ्या महिन्यात टेकली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितल्याप्रमाणे शाळकरी मुलांना दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे अंगमेहनत हवी. तेथवर पोचायला तिला जवळजवळ पाच महिने लागले. सकाळी कमाटीबागेत फिरायला तिच्याबरोबर आई जाऊ लागली, आणि आईची गुडघेदुखीची तक्रार कमी झाली, हा वरचा नफा.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. जन्मजात दोषामुळे अथवा स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे आलेला बाक ही वेगळी बाब आहे; तेथे हृदय व फुफ्फुसे तपासल्यावाचून व्यायाम सुरू करू नये. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनी काय व केव्हा करावे, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. आणि व्यायाम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे, बसल्या जागीही दम लागणे, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, यांपैकी काही आढळल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे.

राहिली ती चार लोकांत बोलबाला होण्याची भीती. तिला हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. मुलीच्या लग्नाची काळजी वाहणाऱ्या घरांना समाजाचा अनुभव असतो. परंतु लपवण्याची किंमत कोण देते, हे पाहावे. या मुलीने दोन वर्षे नवरात्रात गरब्याला जाणे सोडले होते. दम लागतो, असे ती सांगे. खरे कारण चणिया-चोळीच्या उघड्या पाठीत होते. बडोद्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीने नऊ रात्री खिडकीतून गरबा ऐकायचा, ही शिक्षा कोणत्या अपराधाची? आणि गरबा म्हणजे तरी काय? तासन् तास तालावर गोल फिरणे, वाकणे, टाळी देणे. दमसासाचा याहून आनंदाचा व्यायाम आम्हांस सुचत नाही.

गेल्या नवरात्रात ती गेली. ब्रेसचे तास दिवसा भरून काढायचे या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली होती. बोलबाला नको म्हणणाऱ्या आजींनीच बंद पाठीची चोळी शिवून दिली. पहिल्या दोन रात्री तिने ती घातली. तिसऱ्या रात्री मैत्रिणींसारखी घातली. कोणी काही विचारले का, असे आम्ही आईस विचारले. “एकीने विचारलं, सर. तिने सांगितलं, कणा वाकडा आहे. मग दोघी परत रिंगणात गेल्या.” एवढेच घडले. जिच्या भीतीने दोन वर्षे गेली, ती गोष्ट एका वाक्यात आटोपली.

तिचा बाक सरळ झालेला नाही. शेवटच्या तपासणीत तो पस्तीस अंश भरला. एखाददुसरा अंश मोजण्यात इकडेतिकडे होतोच, तेव्हा तो थांबला आहे असे डॉक्टर म्हणतात. वाढ पूर्ण होईपर्यंत ब्रेस आहेच. पावागडची सहल यंदा पुन्हा गेली, आणि दहावीच्या मुली वर पोचल्या तेव्हा बाटल्या जिच्या तिच्या हातात होत्या.

सूट मागणारे अर्ज यंदाही आले. आम्ही आता सहीपूर्वी तीन प्रश्न विचारतो : मुलाला नेमके काय करण्यास मनाई आहे, किती दिवस, आणि त्याऐवजी त्याने काय करावे? डॉक्टरांनी ही तीन उत्तरे लिहून दिली, की सूट जरूर मिळते, आणि तेवढीच मिळते.

वाचकांस एकच विनंती. दिवाळी येईल तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना तेल-उटणे लावताना त्यांची पाठ नीट पाहावी. मूल सरळ उभे असता एक खांदा दुसऱ्याहून उंच दिसतो का, एक खवाटा अधिक वर आलेला आहे का, कंबरेची एक बाजू अधिक खोल दिसते का? मग गुडघे न वाकवता, हात खाली सोडून त्यास पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. इंग्रज शल्यविशारद विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. शंका आली तर सणाची गडबड संपताच डॉक्टरांना दाखवावे. ते जो कागद देतील, तो कपाटात ठेवू नये. आणि शाळेत सुटीचा अर्ज द्यावासा वाटलाच, तर आमच्यासारख्या दयाळू मुख्याध्यापकापासून सावध असावे.